अंड्याची साक्ष

“धुळीची ॲलर्जी आहे का?” डॉक्टर रेगेबाईंनी मान वर न करता विचारलं.

“आहे,” कालिंदी मावशी म्हणाली.

“मलाही आहे,” शेजारच्या खुर्चीवरून नगरकर विहीणबाई म्हणाल्या. “शिवाय उदबत्तीची.”

“तुमचा नंबर नंतर. एकेकीनं बोला.”

“मला उदबत्ती, धूप आणि फोडणीचा ठसका,” मावशीनं बोली वाढवली. “आणि नायलॉन.”

“औषधांची?”

“औषधांची तर आहेच.”

“कुठल्या औषधांची?”

मावशी जरा थांबली. “कडू.”

रेगेबाईंनी यातलं काहीच लिहून घेतलं नाही. मी दोघींच्या मागे चार पिशव्या धरून उभा होतो आणि भिंतीकडे बघत होतो. भिंतीवर लोकांना सावध करण्यासाठी एक डास रंगवला होता. तो साधारण कोंबडीएवढा होता. एवढा डास चावायला आला तर माणूस आपण होऊनच सावध होईल, लसीची गरज काय, असा विचार मी करत होतो.

माझं नाव सुश्रुत. मुलगा शल्यविशारद व्हावा म्हणून आईबाबांनी हे नाव ठेवलं. मी बी.कॉम. झालो आणि त्या काळात मावशीकडे राहून तिची गाडी चालवत होतो. मावशी संगमनेरची, विहीणबाई कोपरगावच्या. मावशीची मुलगी ऋता, विहीणबाईंचा मुलगा सलील. लग्नानंतर सलीलला तुंबारी नावाच्या बेटावर एका मोठ्या हॉटेलात नोकरी लागली. हॉटेलची वीज गेली की ती आणायची, एवढंच काम होतं, पण त्यासाठी त्यांनी माणूस भारतातून नेला होता. वीज जाण्याचा अनुभव आपल्याकडे जास्त म्हणून असेल.

तिथं ऋताला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे मावशीनं ऋताच्या जन्माच्या वेळीच ठरवून ठेवलं होतं. पण पोरीचं रक्त कमी निघालं आणि तिथल्या डॉक्टरांनी तिला विमानात बसू नका म्हणून सांगितलं. तेव्हा मावशी म्हणाली, पोरगी माहेरी येत नसेल तर माहेर तिच्याकडे जाईल. त्यावर सलील म्हणाला, मग माझ्या आईलाही आणा. इथपर्यंत सगळं प्रेमानं चाललं होतं.

त्या बेटावर जायचं तर पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला लागतो. तो टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. तिकिटं काढल्यावर हे सलीलच्या लक्षात आलं. आज टोचली तर दाखला जेमतेम विमानाच्या दिवशी लागू होत होता. म्हणून पहाटे निघून आम्ही मुंबईच्या त्या सरकारी लसीकरण केंद्रात येऊन बसलो होतो.

आता हे सांगायला हवं की लस हा तोवर दोघींमधला नवा दागिना झाला होता. विहीणबाईंनी टायफॉइडची टोचून घेतली आणि फोनवर सहज म्हणून सांगितलं. मावशीनं दुसऱ्या दिवशी टायफॉइड आणि कावीळ दोन्ही घेतल्या, दोन दंडांवर, आणि तापानं फणफणून आनंदात झोपली. विहीणबाईंनी धनुर्वाताची घेतली. मावशी आमच्या डॉक्टरांकडे जाऊन म्हणाली, “तुमच्याकडे आणखी काय आहे?” डॉक्टर म्हणाले, “कुत्रं चावलंय का?” मावशी म्हणाली, “चावलं असं धरून चाला.”

शिवाय सामान. मावशीच्या पेटीत डबलबेडची मच्छरदाणी, वाळवलेला कडुनिंब, सुंठ, ओवा आणि पाणी गाळायचे पंचे. विहीणबाईंच्या पेटीत दोन थर्मामीटर. एक मोडला तर दुसरा, आणि दुसरा पहिल्यावर विश्वास बसला नाही तर.

पण खरी चढाओढ सोवळ्याची होती, आणि तिची सुरुवात मावशीनं केली होती. लग्नात तिनं नगरकरांचा केटरर आयत्या वेळी बदलायला लावला, कारण तो दुसऱ्या एका कार्यालयात बिर्याणी करतो असं तिच्या कानावर आलं. “त्याचा झारा कुठून कुठं फिरत असेल,” ती मांडवात सगळ्यांदेखत म्हणाली होती. विहीणबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. नवा केटरर आला, त्याची जिलबी चिवट निघाली, आणि नगरकरांकडच्या पाहुण्यांनी ती अजून चघळायला ठेवली आहे.

“शेवटचा प्रश्न,” रेगेबाई म्हणाल्या. “अंडं खाऊन कधी त्रास झालाय का?”

“अंडं?” मावशीनं विहीणबाईंकडे एकदा बघून घेतलं. मग पदर सारखा केला. “अहो, खायची गोष्ट सोडा. शेजारच्या बिऱ्हाडात अंडं उकडलं तरी माझा घसा सुजतो. अंगावर गांधी उठतात. एकदा एस.टी.त पुढच्या बाईच्या डब्यात होतं, तर श्वास अडकला माझा. शुद्ध हरपली. नारायणगावला उतरवून पाणी मारावं लागलं.”

मी डासाकडे जास्त लक्ष देऊन पाहू लागलो.

कारण दर बुधवारी संध्याकाळी मावशीसाठी संगमनेरच्या स्टँडजवळच्या बाबूच्या गाडीवरून ऑम्लेट मी आणत असे. कांदा जास्त, मिरची कमी. फार वर्षांपूर्वीच्या एका आजारपणात कुणा डॉक्टरनं तिला अंडं खायला सांगितलं होतं. आजार गेला, अंडं राहिलं. घरात त्याला ‘औषध’ म्हणत. ते स्वयंपाकघरात यायचं नाही. गच्चीच्या जिन्यात, उभ्यानं, वेगळ्या ताटलीत खायचं आणि ती ताटली वर पाण्याच्या टाकीमागे ठेवायची. काकांना हे माहीत होतं. काकांना माहीत आहे हे मावशीला माहीत होतं. आणि तरी आमच्या घरात कधी अंडं आलं नाही हेही खरंच होतं, कारण जिना सोसायटीचा होता.

विहीणबाईंनी तोंड उघडलं होतं. एस.टी.तल्या बेशुद्धीच्या वरचं काहीतरी त्यांच्याकडे नक्की तयार होतं. पण तेवढ्यात रेगेबाईंनी पेन खाली ठेवलं.

“मग तुम्हाला ही लस देता येणार नाही.”

विहीणबाईंचं तोंड बंद झालं. इतकं वेळेवर बंद झालेलं तोंड मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

“का म्हणून?” मावशी म्हणाली.

“ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. तुम्हाला नुसत्या वासानं शुद्ध हरपत असेल तर टोचल्यावर काय होईल? मी तो धोका घेणार नाही.”

“सगळीच अंड्यात वाढवतात?”

“सगळीच.”

“एखादी शाकाहारी नाही का? पैसे जास्त पडले तरी चालतील.”

“नाही.”

मावशी खुर्चीत मागे टेकली. विहीणबाईंनी दंडावरचं पोलकं वर सारलं. “माझं उरकून टाका. मला अंड्यानं काही होत नाही.” मग त्यांच्या लक्षात आलं. “म्हणजे होणार नाही. मी खाल्लेलं नाही, पण खाल्लं असतं तर झालं नसतं, अशी माझी तब्येत आहे.”

“ठीक आहे. बसा.”

“तुम्ही काही काळजी करू नका, कालिंदीताई,” विहीणबाई मावशीच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या. “डिंकाचे लाडू माझ्याकडे द्या. अळीव द्या. तेल द्या. मी सगळं करीन ऋताचं. तुम्ही इथून फोन करत जा.”

त्या ‘फोन करत जा’वर मावशीचा चेहरा उतरला. ऋताचा रोज रात्री फोन यायचा आणि रोज ती एकच विचारायची, आई, तू येणार ना नक्की? मावशी दरवर्षी पंचांग आणते, त्यावर विमानाच्या या एका तारखेखेरीज तिनं आजवर कुठल्याच तारखेला खूण केली नव्हती. आता त्या तारखेला नगरकर विहीणबाई एकट्या जाणार होत्या, मावशीच्या लाडवांसकट.

“एक मिनिट,” रेगेबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बर्फाच्या डब्याचं झाकण परत लावलं. “मग आज कुणालाच मिळणार नाही.”

आता बाकावरचे लोक उठले.

बाकावर तिघं होते. गुहागरकडचे मुकादमभाई, बोटीवर काम करणारे. जुन्नरचे ढमढेरे, आफ्रिकेत बोअर मारायला निघालेले. आणि एक तरुण, जो आम्ही आलो तेव्हा झोपलेला होता. तो कुठं चालला होता हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तो उठला नाही.

“एका कुपीत पाच जणांची लस असते,” रेगेबाईंनी सांगितलं. “फोडली की लगेच संपवावी लागते, उरली की फेकायची. लस कमी येते, म्हणून पाच जण असल्याशिवाय कुपी फोडायची नाही असा आम्हाला हुकूम आहे. पाच होतात. यांना वजा केलं की चार. पुढच्या गुरुवारी या.”

“पुढच्या गुरुवारी माझी बोट मी नसताना मोंबासाच्या वाटेला लागली असंल,” मुकादमभाई म्हणाले.

“दाखला लागू होईपर्यंत माझंही विमान निघून जाईल,” विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मावशीच्या हातावरचा हात काढून घेतला.

ढमढेऱ्यांनी मावशीसमोर उकिडवं बसून हात जोडले. “आक्का, तिकडं माणसं पाण्यावाचून बसल्यात आन तुम्ही इथं अंड्यावर अडलाय. जरा बघा की आठवून. येखादं खाल्लं असंल.”

“मी?”

“पोरपणी. चुकून.”

“आमच्याकडे चुकूनसुद्धा चुकत नाही,” मावशी म्हणाली. सवयीनं म्हणाली. म्हटल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलेलं दिसलं.

“मग या पोराला टोचा,” ढमढेऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं. “धडधाकट हाय.”

“पासपोर्ट आहे?” रेगेबाईंनी मला विचारलं.

“नाही.”

“इथून कुठं जाणार आहेस?”

“संगमनेरला.”

“तिथं पीतज्वर नाही,” त्या म्हणाल्या. माझा विषय संपला.

मग मावशी पुढे सरकली आणि आवाज अगदी मऊ करून म्हणाली, “डॉक्टर, मी काय म्हणते, ती एस.टी.तली शुद्ध आहे ना, ती बहुतेक उन्हानं हरपली असावी. मे महिना होता.”

“आणि घशाची सूज?”

“थंड पाणी प्यायले होते.”

“गांधी?”

“नायलॉन.”

“आजी—”

“आजी अजून झालेले नाही. महिना आहे अजून.”

“बाई,” रेगेबाई म्हणाल्या, “तुम्ही मला पाच मिनिटांपूर्वी श्वास अडकला म्हणून सांगितलंत. आता तुम्हाला जायचंय म्हणून तो मोकळा झाला. उद्या खरंच काही झालं तर मी काय सांगू, पेशंटनं शब्द फिरवला? मला अडवायची हौस नाही. तुम्ही अंडं किंवा अंडं घातलेलं काहीही खाल्लंय आणि तुम्हाला काही झालेलं नाही, एवढं कुणीतरी सांगा. खाताना बघितलेलं माणूस पाहिजे. मग देते.”

पंखा फिरत होता. झोपलेला तरुण घोरत होता.

मावशीनं हळूच मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी तिला अंडं खाताना किती बुधवार पाहिलं होतं याचा हिशेब लावायचा तर बसून लावावा लागला असता. मी एक वाक्य बोललो असतो की पाचही दंड मोकळे. पण तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की मी ते वाक्य बोललो तर ती बेटावर जाईल खरी, पण शेजारच्या सीटवर जिचा केटरर आपण झाऱ्यावरून हाकलला ती बाई बसलेली असेल. आणि मी नाही बोललो तर ती जाणारच नाही. ती मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगत होती, बोल आणि जीभ हासडीन.

“मी बघितलंय,” मी म्हणालो.

मावशीनं डोळे मिटले.

“काय बघितलंस?” रेगेबाईंनी पेन उचललं.

“एकदा मावशी रस्त्यानं चालली होती,” मी म्हणालो. “वरून कावळा गेला. त्याच्या चोचीत अंडं होतं. मावशी जांभई देत होती.”

रेगेबाईंनी पेन परत खाली ठेवलं.

“जांभई,” त्या म्हणाल्या.

“मोठी होती,” मी म्हणालो.

“हे पोरगं तुमच्या घरचंच ना?” ढमढेऱ्यांनी मावशीला विचारलं.

मुकादमभाईंनी मात्र विषयाला हात घातला. “डॉक्टर, असं करू. मी भायेर जाऊन गाडीवरनं येक उकडलेला अंडा आणतो. मावशी तुमच्यासमोर खाईल. काय झाला तर तुम्ही हायेतच.”

मावशीनं विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाई मावशीकडे पाहत होत्या. मला वाटलं, झालं, आता ही बाई हसणार. मांडवातल्या झाऱ्याचं वसूल करायला असा दिवस पुन्हा येणार नव्हता.

विहीणबाईंनी मांडीवरची पर्स शेजारी ठेवली आणि त्या उभ्या राहिल्या. साक्षीला उभं राहावं तशाच.

“अंडं आणायची गरज नाही,” त्या म्हणाल्या. “यांनी खाल्लेलं आहे. मी बघितलंय.”

मावशीच्या हातातला रुमाल खाली पडला. तो मी उचलला. काहीतरी करायला मिळाल्याचं मला बरं वाटलं.

“केव्हा?” रेगेबाई म्हणाल्या.

“पोरांच्या साखरपुड्यात. आमच्या घरी होता. केक होता. बिनअंड्याचा आहे असं आम्ही यांना सांगितलं होतं. तो अंड्याचा होता. चांगली तीन-चार अंडी असतील. यांनी दोन तुकडे खाल्ले. एक रुमालात बांधून घरी नेला.”

“त्यानंतर सूज? श्वास?”

“कसली सूज. फुगडी खेळल्या.”

“किती वेळ?”

“समोरची दमेपर्यंत. समोर मी होते.”

रेगेबाईंनी मावशीकडे पाहिलं. “खरंय का हे?”

मावशीच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे चाललं होतं ते मी नीट पाहिलं. आधी भीती, मग गोंधळ, मग हिशेब, आणि मग सावकाश, पायापासून डोक्यापर्यंत चढत जाणारा असा एक शुद्ध, सोवळा संताप, की तो पाहून ढमढेरे उकिडवे होते ते सरळ बाकावर जाऊन बसले.

“तुम्ही मला बाटवलंत,” मावशी म्हणाली.

“हो,” विहीणबाई म्हणाल्या.

“माझ्या पोटच्या मुलीच्या साखरपुड्यात.”

“हो.”

“आणि इतके दिवस बोलला नाहीत.”

“धीर झाला नाही.”

“मी केक खाल्ला,” मावशी खोलीला उद्देशून म्हणाली. “विश्वासानं खाल्ला. देवासमोर बसून खाल्ला.”

“भांडण दंड उघडा ठेवून करा,” रेगेबाई म्हणाल्या आणि त्यांनी बर्फाचा डबा उघडला.

कुपी फुटली. पहिली सुई मावशीला. टोचताना तिनं हूं का चूं केलं नाही, कारण ती त्या वेळी केटररवर होती. “तो निदान लपूनछपून तरी बिर्याणी करायचा. तुम्ही समोर ताट धरलंत.” मग विहीणबाई, मग मुकादमभाई, मग ढमढेरे. झोपलेल्या तरुणाला झोपेतच टोचलं. तो झोपेतच ‘थँक यू’ म्हणाला आणि कूस बदलून दुसरा दंड पुढे केला.

टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं असतं. मावशीला तासभर बसायला सांगितलं, खबरदारी म्हणून. त्यातला पहिला अर्धा तास तिनं विहीणबाईंना बोलण्यात घालवला. शेजारी मुकादमभाई कापूस दाबून बसले होते. त्यांनी एकदा मधे पडून पाहिलं.

“जाऊ दे ना मावशी. केकच होता. मटण तर नव्हता.”

“तुम्ही मधे पडू नका. तुम्ही सांगून खाता. यांनी फसवून घातलं.”

मुकादमभाईंनी विचार केला. “हा, ते बरोबर हाय,” ते म्हणाले, आणि त्यांनीही विहीणबाईंकडे जरा नाराजीनं पाहिलं.

विहीणबाई सगळं खाली मान घालून ऐकत होत्या. त्यांचा अर्धा तास भरला तेव्हा त्या मला म्हणाल्या, “सुश्रुत, मला जरा चहा पाजशील का रे?”

केंद्राच्या फाटकाबाहेर एक टपरी होती. आम्ही फळकुटावर बसलो. चहा आला तेव्हा मला राहवेना.

“तो केक मी आणला होता,” मी म्हणालो.

“माहितीय मला.”

“मावशीनंच पाठवलं होतं. तुमच्यावर तिचा विश्वास नव्हता म्हणून केकसुद्धा आमच्याकडूनच. बेकरीवाल्याला शपथ घ्यायला लावली होती. घरी आलो तर म्हणाली, कशावर हात ठेवून घेतली? मी म्हटलं, काउंटरवर. तिनं परत पाठवलं. दुसऱ्यांदा त्यानं गणपतीच्या तसबिरीवर हात ठेवून घेतली. त्यात अंडं नव्हतं.”

“नव्हतंच,” विहीणबाई म्हणाल्या. “फार कोरडा होता.”

“मग तुम्ही असं का सांगितलंत?”

त्यांनी बशीत चहा ओतला. “मला तुमच्या घरची ताटली माहितीय.”

मी चहाचा पेला खाली ठेवला.

“संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आले होते तुमच्याकडे. घरात गर्दी फार झाली, म्हणून जरा वाऱ्याला गच्चीवर गेले. टाकीमागे ताटली. मी म्हटलं इथं ताटली कशाला, म्हणून उचलली. बुधवार होता वाटतं. धुवायची राहिली होती.”

“इतके दिवस माहीत होतं तुम्हाला?”

“जपून ठेवलं होतं. म्हटलं, एखादा चांगला मोठा प्रसंग बघून काढायचं. पंचवीस-तीस माणसं असतील असा. डोहाळजेवणाला काढणार होते, ते झालं बेटावर. बारशाला नक्की काढणार होते.”

“मग आज काढायचं. आजच तर वेळ होती.”

“काढलं असतं तर काय झालं असतं?” त्या म्हणाल्या. “लस मिळाली असती. पण मग ही बाई माझ्या शेजारी विमानात मान खाली घालून बसली असती. दोन महिने माझ्यासमोर खालच्या आवाजात बोलली असती. मला ती तशी नको. तशी ती ऋताच्याही उपयोगाची नाही.”

“आणि आता दोन महिने ती तुम्हाला बोलत बसेल.”

“दोन महिने? मी मरेपर्यंत बोलेल. माझ्या तेराव्याला केकचा विषय निघेल.” त्यांनी बशी तोंडाला लावली, फुंकर घातली आणि परत खाली ठेवली. “मी एकटी जाऊन चाललं नसतं रे. सासू समोर असली की पोरगी कळा येतानाही पदर सांभाळते. मला माहितीय ना. सलीलच्या वेळी माझी सासू उशाशी बसून होती. मी ओठ चावून फोडला, पण आवाज काढला नाही. सगळे म्हणाले किती सोशिक आहे.” त्यांनी बशी परत उचलली. “ओरडायला आई लागते.”

मग त्यांनी चहा पिऊन टाकला आणि म्हणाल्या, “चल. तिचा तास व्हायला आलाय. मी समोर नसले तर बोलून बोलून मोकळी होईल, आणि मग परतीच्या वाटेवर तिला काही उरणार नाही.”

उरलं. मुंबई ते संगमनेर उरलं. घाटात गाडी तापल्यावर मी बॉनेट उघडून पाणी घालत होतो, तेव्हाही आतून “दोन तुकडे” एवढं ऐकू येत होतं.

त्या गेल्या. विमानतळावर दोघींनी दाखले पासपोर्टात न ठेवता हातात धरले होते.

नंतर एका संध्याकाळी तुंबारीहून फोन आला. आधी मावशी होती. मुलगी झाली, सुखरूप आहे, वजन चांगलं आहे, नाक आपलं आहे, रंग त्यांचा आहे. एवढं एका दमात सांगून तिनं आवाज खाली आणला.

“सुशा, त्या बेकरीवाल्यानं शपथ घेतली होती ना रे?”

“दोनदा.”

“तसबिरीवर हात ठेवून?”

“हो.”

“मलाही तसंच आठवत होतं,” मावशी म्हणाली. “लस टोचताना आठवलं. म्हटलं, मग या काय बोलताहेत? मग म्हटलं, टोचून तर होऊ दे.”

“तू तिथंच ओळखलंस?”

“मग काय? मी काय खुळी आहे?”

“आणि तरी तू त्यांना एवढं बोललीस?”

“न बोलून कसं चालेल? त्यांनी एवढं केलं माझ्यासाठी. मी गप्प बसले असते तर डॉक्टरला संशय आला असता.”

“घाटातसुद्धा?”

“तेव्हा लय लागली होती,” मावशी म्हणाली. “आता तर इथं मोठंच झालंय. मी म्हटलं, तुम्ही मला बाटवलंच आहेत तर आता लपवायचं काय राहिलं? मी उघड खाणार. तर त्या म्हणाल्या, मग प्रायश्चित्त म्हणून मीच करून देते. रोज सकाळी ऑम्लेट करून देतात. टेबलावर बसून खाते, ताटात. कांदा इतका बारीक चिरतात, तुझ्या बाबूला जन्मात जमणार नाही. त्यांना यातलं काही बोलू नकोस. मी ओळखलंय हे कळलं तर करायच्या बंद होतील.”

“नाही बोलत.”

“थांब, देते त्यांना.”

फोन इकडून तिकडे गेला. मागे बाळ रडत होतं. मी अभिनंदन म्हणालो आणि विचारलं, सगळं नीट पार पडलं ना? तुम्ही होतात ना जवळ?

“मी नव्हते आत,” विहीणबाई म्हणाल्या. “मला म्हणाल्या नर्सबाई, या. मी म्हटलं, आत तिची आई आहे. मी आपली दाराबाहेर बाकावर बसून होते. डास फार आहेत रे इथं.”

“काही कळलं नसेल मग बाहेर.”

“कळलं ना. सगळं ऐकू येत होतं,” त्या म्हणाल्या. “फार छान ओरडली रे पोरगी.”